न्यूट्रलचा हिशेब

१/ जड ट्रक घेताना गिअरबॉक्स मॅन्युअल घ्यावा की ऑटोमॅटिक, या प्रश्नाला समाजमाध्यमांवर हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते. मॅन्युअल म्हणजे मागासलेपण. जग पुढे गेले, आमचा ट्रकमालक मात्र अजून दांडाच हलवीत बसला आहे. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. ते काही लोकांच्या सोयीचे मात्र नक्कीच आहे. कोणाच्या, ते या धाग्यात मांडतो. धागा लांब आहे, वाचकहो; घाटही लांबच आहेत.

२/ आधी ठिकाण. कोरेगाव म्हटले की बहुतेकांचे मन भीमेच्या काठी जाते. हे कोरेगाव ते नव्हे. हे साताऱ्याचे, पुणे-मिरज लोहमार्गावरचे, वाघ्या घेवड्याचे, आल्याचे आणि उसाचे. इथला माल तालुक्याबाहेर पडला की घाट चुकत नाही. मुंबईकडे निघालेल्या गाडीला खंबाटकीच्या बोगद्यापुढचा उतार लागतो, मग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा, आणि शेवटी बोरघाट. कोकणात जायचे तर कराडवरून कुंभार्ली. लोणंदकडे जायचे तर सालपे. मुंबईच्या वाटेवरचे तिन्ही मोठे उतार आमच्या गाड्या भरल्या अंगाने उतरतात, हे ध्यानात असू द्यावे. पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

३/ गिअरबॉक्स मुळात कशासाठी असतो? डिझेल इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यात असते. त्याखाली ते गुदमरते, त्यावर नुसते ओरडते. पंचवीस टनांचे ओझे जागचे हलवायचे तर इंजिनाचे अनेक फेरे खर्चून चाकाला थोडीच गती पण पुष्कळ जोर द्यावा लागतो. जड ट्रकाच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण सात ते नऊ फेरे झाले की गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो. वरच्या गिअरमध्ये हिशेब जवळजवळ एकास एक.

हीच साखळी उतारावर उलटी चालते. चाके इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिन त्यांना रोखते. ट्रकवाल्यांच्या भाषेत ‘गाडी गिअरवर उतरवणे’ ते हेच. म्हणजे चढावर जो गिअर ताकद देतो, तोच उतारावर ब्रेक होतो. शोरूममधली सगळी चर्चा मात्र चढाची आणि ॲव्हरेजची असते. उताराविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

४/ आता या यंत्राचा इतिहास. १८९० च्या दशकात पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीने दातेरी चाके दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवण्याची पद्धत रूढ केली. कल्पना रांगडी होती, पण टिकली. दोन चाकांचे वेग जुळले नसताना दात अडकवले तर खरखर होते, कधी दात तुटतात. म्हणून चालकाने डबल क्लच शिकायचा: क्लच दाबून गिअर सोडवायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर इंजिनाचे फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबायचा, आणि आवाज ऐकून नेमक्या क्षणी दांडा ढकलायचा. वेग आपोआप जुळवून देणारा सिंक्रोमेश १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकच्या मोटारींत आला. श्रीमंतांच्या मोटारींना तो आधी मिळाला. ओझ्याच्या गाड्यांना पुष्कळ उशिरा.

५/ ‘मॅन्युअल म्हणजे मागास’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवतो. ज्या अमेरिकेने सिंक्रोमेश शोधला आणि मोटारींत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर घरोघर नेला, त्याच अमेरिकेच्या जड ट्रकांत बिनसिंक्रोमेशचे मॅन्युअल गिअरबॉक्स अगदी अलीकडेपर्यंत सर्रास चालत होते. ते टिकाऊ होते, वजन सोसत होते आणि दुरुस्त होत होते. तिकडे याला कोणी मागासलेपण म्हटले नाही. तोच दांडा कोरेगावच्या गाडीत दिसला की मात्र तो संस्कृतीचा दोष ठरतो.

६/ पण त्या जुन्या गिअरबॉक्सचा एक क्रूर गुण होता, आणि आपल्या विषयाचे मूळ तिथे आहे. उतारावर वेग वाढल्यानंतर चालकाने खालचा गिअर टाकायचा प्रयत्न केला आणि फेरे जुळले नाहीत, तर गाडी मध्येच राही: खालचा गिअर पडत नाही, वरचाही परत मिळत नाही. म्हणजे न्यूट्रल. मग हातात उरतात फक्त ब्रेक. म्हणूनच जुन्या चालकांचा नियम असे की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उताराच्या तोंडाशीच टाका. न्यूट्रलची भीती या नियमात मुरलेली होती. त्या भीतीची पुढे ‘युक्ती’ कशी झाली, ते पाहू.

७/ हिंदुस्थानात ट्रक आले ते परक्या रस्त्यांसाठी घडवलेले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या बाजारात आल्या आणि अनेकांनी त्यांच्यावर वाहतुकीचा धंदा उभा केला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून तारा मिरवणारे ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटांचे अक्षर आले. मद्रासकडून अशोक लेलँड. पुढच्या कैक वर्षांचा आपला हमरस्ता या दोन नावांत मावतो.

८/ या यादीत आमच्या तालुक्याचे एक पान आहे, आणि ते ट्रकच्या इतिहासात कोणी वाचत नाही.

कोरेगाव तालुक्यात पाडळी नावाचे गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे नाव सातारारोड. धनजीशा कूपर यांनी तिथे कारखाना काढला. लोखंडी नांगर केले, पुढे डिझेल इंजिने केली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवण्यास आधी नकार दिला तेव्हाचे ते अल्पजीवी सरकार. कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. शेजारच्या सांगलीकडे किर्लोस्करवाडी १९१० पासून नांगरच घडवत होती. मागच्या धाग्यात लोखंडी नांगराविषयी लिहिले तेव्हा काहींनी विचारले होते की नांगराचा आणि आजचा संबंध काय. संबंध हा. नांगराचा फाळ जोडणारा हात विहिरीवरच्या इंजिनाकडे वळला, आणि इंजिन उघडणारा हात ट्रकच्या गिअरबॉक्सकडे. या पट्ट्यातल्या गॅरेजांमधून जो मिस्त्री बेअरिंगचा आवाज ऐकून कोणता गिअर खाल्ला आहे ते सांगतो, त्याची विद्या आकाशातून पडलेली नाही. तिला शंभर वर्षांची परंपरा आहे. फक्त तिच्यावर कोणी प्रबंध लिहिला नाही.

९/ म्हणून एका गाडीचा मालक मॅन्युअल घेतो तेव्हा तो अडाणीपणाने घेत नाही. त्याचा हिशेब सरळ असतो. गाडी ऊसतोडीच्या हंगामात रानातून भरून काढायची आहे. पावसाने भिजलेल्या मातीत मागची चाके रुतली की गाडी पुढे-मागे झुलवून बाहेर काढावी लागते, आणि तिथे क्लचवरचा पाय जे जाणतो ते दर्शकाच्या काचेवर उमटत नाही. गाडी गव्हाणीपर्यंत गेली नाही तर खेप बुडते. बिघाड झाला तर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत दोन दिवस उभे राहणे त्याला परवडत नाही. क्लचप्लेट कोरेगावातच बदलून मिळते. पुन्हा विकताना गिऱ्हाईकही मिळते. ही कारणे खरी आहेत आणि मला ती पटतात. कोरेगावात दहाचाकी घेणाऱ्याने आजही मॅन्युअलच घ्यावा, असेच मी म्हणेन.

१०/ मग भांडण कोणाशी? मॅन्युअलची किंमत दुसऱ्याच्या अंगावर टाकणाऱ्याशी.

मॅन्युअल गिअरबॉक्स स्वस्त असतो, कारण त्यातले अर्धे यंत्र चालक असतो. फेरे जुळवणारा तो, उताराआधी गिअर पाडणारा तो, दिवसभर जड क्लच दाबून डावा गुडघा झिजवणारा तो. यंत्राचा जो भाग कंपनीने बसवला नाही, त्याचे वेतन मालकाने चालकाला द्यायला हवे. प्रत्यक्षात उलटे होते. अनेक ठिकाणी खेपेला ठरावीक डिझेल मोजून दिले जाते. ॲव्हरेज कमी पडले तर फरक पगारातून कापला जातो, वाचले तर तेवढीच चालकाची वरकमाई. वहीतल्या या एका ओळीने जुन्या चालकांची न्यूट्रलची भीती पुसून टाकली. जे संकट होते ते उत्पन्न झाले.

११/ ‘न्यूट्रलने डिझेल वाचते’ या समजुतीचे काय? जुन्या यांत्रिक पंपातही गव्हर्नर असे. उतारावर फेरे चढले आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसला की तो डिझेल तोडत असे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा इंजिनांत हे काम संगणक करतो. गाडी गिअरवर उतरत असेल आणि पाय वर असेल, तर इंजिनात डिझेल जातच नाही. चाकेच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी थोडे का होईना, डिझेल जळतच राहते. मग वाचते कधी? इंजिनच बंद केले तर. किंवा उतारावर कमावलेला वेग पुढच्या सपाटीवर उधळला तर. या दोन्ही गोष्टी भरल्या गाडीने वस्तीच्या तोंडाशी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

१२/ थोडे गणित. पंचवीस टनांची गाडी दोनशे मीटर उंची उतरली, तर तिच्या वजनातून निघणारी ऊर्जा सुमारे दीडशे लिटर थंड पाणी उकळीला आणेल एवढी असते. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरवर असेल तर बराच भाग इंजिन गिळते. न्यूट्रल असेल तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. लायनर तापले की पकड सुटते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. वर इंजिनही बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा उतरते आणि स्टिअरिंगही जड होते. वर्तमानपत्रात मग चार शब्द येतात: ब्रेक फेल झाल्याने अपघात. ब्रेक त्या उतारावर शेवटी निकामी होतात. आधी निकामी केला जातो तो गिअर.

१३/ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर एकामागून एक वाहनांना धडका दिल्या. अनेक वाहनांचे नुकसान झाले. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. सगळा राग चालकावर निघाला. चालकाचा दोष मी नाकारत नाही. त्या रात्री त्या गाड्यांत बसलेल्यांसमोर तो नाकारण्याची माझी छाती नाही. पण अशा प्रत्येक अपघातानंतर चालकाची जात-गाव-व्यसन विचारणारे आपण त्याच्या ट्रिपशीटवर डिझेलचा कोणता आकडा लिहिला होता, हे का विचारत नाही? गिअरबॉक्स कितीचा होता, एक्झॉस्ट ब्रेक चालू होता की तार तोडून ठेवली होती, हे का विचारत नाही?

१४/ याच डोंगरांत दुसऱ्या एका वाहतुकीने काय केले ते पाहा. बोरघाटाची गाडीवाट १८३० मध्ये माल्कमच्या काळात खुली झाली, आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली. चढण ३७ फुटांना एक फूट. रेल्वे कंपनी काही चालकांची हितचिंतक नव्हती; तो घाट बांधताना हजारो मजूर मेले. पण गाडी सुटली तर स्वतःचे इंजिन आणि डबे जातील, हे तिला कळत होते. म्हणून तिने उतारावर पैसा ओतला. सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी चढत्या उताराचे आडमार्ग बांधले, उतरण्याआधी ब्रेक तपासण्याची सक्ती केली, आणि ही शिस्त आजही कर्जत-लोणावळा पट्ट्यात पाळली जाते. तिथे उतार ही संस्थेची जबाबदारी आहे. शेजारच्याच रस्त्यावर मात्र तोच उतार एका माणसाच्या उजव्या पायावर सोडलेला आहे, आणि वर त्याला डिझेल वाचवायला सांगितलेले आहे.

१५/ दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही दोन शब्द. ‘खरा उस्ताद तोच, जो दांड्यावर गाडी खेळवतो; ऑटोमॅटिक बायकापोरांची कामे’ वगैरे मर्दानी भाषा ऐकली की मला हसू येते. डबल क्लच ही विद्या होती, हे खरे. पण ती विद्या म्हणून कोणी जपली नाही. सोळा-सतरा वर्षांचा क्लीनर उस्तादाच्या शिव्या खात ती चोरून शिकला. ज्या कौशल्याचा एवढा गौरव करायचा त्याचे प्रशिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही आणि पगारात स्थान नाही, हा गौरव फुकटचा आहे. ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावे लागले. उस्तादांच्या देहाची आपल्याला किती कदर होती, ते या एका तारखेवरून मोजावे.

१६/ आता ऑटोमॅटिकविषयी. जड ट्रकांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकले जाते ते बहुधा एएमटी, म्हणजे आतून तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि दांडा हलवायला हवेच्या दाबावर चालणारे हात व संगणक. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ मध्ये आला. आपल्याकडे टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ यांच्याकडेही जड गाड्यांत हा पर्याय आहे. गंमत अशी की यांतल्या काही प्रगत रचना सौम्य उतारावर मुद्दाम न्यूट्रल होतात, इंधन वाचवण्यासाठीच. कोणी म्हणेल, मग आमच्या चालकाने काय वेगळे केले? वेगळे हे, की तिथे इंजिन चालू राहते, वेगावर यंत्राची नजर असते, आणि मर्यादा ओलांडताच गिअर परत पडतो. एका ठिकाणी न्यूट्रलला पहारेकरी आहे. दुसऱ्या ठिकाणी कर्ज आहे.

मुंबई-बेंगळुरू महामार्गावर महिन्याचे तीस दिवस पळणाऱ्या मोठ्या ताफ्याने एएमटी घ्यावा, सोबत रिटार्डर घ्यावा. तिथे मॅन्युअलचा हट्ट म्हणजे निव्वळ कंजुषी.

१७/ कोरेगावच्या एका गाडीच्या मालकाने मॅन्युअल घ्यावा, पण कोणता ते नीट पाहून. सहा गिअरांचा पुरतो असे विक्रेता सांगतो. सपाट रस्त्यावर पुरतोही. रानातून ऊस आणि घाटातून माल, दोन्ही काढायचे असतील तर नऊ गिअरांचा, खाली क्रॉलर असलेला बरा. गिअर जवळजवळ असले की घाटात नेमका हवा तो सापडतो. सहांत कधी एक फार लहान आणि पुढचा फार मोठा वाटतो, आणि चालक मोठा निवडतो. सगळ्यात वरचा गिअर ओव्हरड्राइव्ह असेल तर ॲव्हरेज सुधारते. पण त्या गिअरमध्ये उतारावर इंजिनाची ओढ अगदीच कमी मिळते, हे चालकाला सांगावे. मागच्या हाउसिंगचे प्रमाण विचारावे. निम्मी ताकद तिथे ठरते आणि निम्मे गिऱ्हाईक ते विचारतच नाहीत. एक्झॉस्ट ब्रेक आहे का, आणि इंजिनाचा वेगळा ब्रेक मिळतो का, हे लेखी घ्यावे. चाचणीची गाडी शोरूमसमोरच्या रस्त्यावर रिकामी फिरवून काही कळत नाही. भरलेली मागावी आणि सालप्याचा घाट उतरून पाहावा. विक्रेता कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

आणि ही गाडी जो चालवणार आहे त्याला सोबत न्यावे. वर्षानुवर्षे पाहतो आहे, ट्रक पसंत करायला मालक, मालकाचा मेहुणा आणि फायनान्सवाला जातात. चालक गेटबाहेर चहा पीत असतो.

१८/ कपातीचा प्रश्न गिअरबॉक्स बदलून सुटत नाही. एएमटी गाडीतही दांडा न्यूट्रलवर नेता येतो आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करता येते. घाटाच्या खेपेला डिझेलचा आकडा वेगळा धरणे, उतारावरचे ॲव्हरेज मोजणीतून वगळणे, निदान कपात बंद करणे, एवढे कोणत्याही मालकाला उद्या सकाळी करता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी गाडीही लागत नाही.

१९/ शेवटी एक विनंती. माझ्या कामासाठी मी सातारा-सांगली भागातल्या जुन्या वाहतूकदारांच्या ट्रिपवह्या शोधतो आहे, विशेषतः १९७० च्या आधीच्या. डिझेल मोजून देणे आणि कपात करणे नेमके कधी सुरू झाले, ते या वह्यांतूनच कळेल. कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. कळवा, मी येऊन छायाचित्रे काढून घेईन, वही तुमच्याच घरी राहील. उत्तरांत ज्येष्ठ चालकांनी आपले अनुभव लिहिले तर ते वेगळ्या धाग्यात, त्यांची परवानगी घेऊन, एकत्र देईन.